उजवी क्लिक चालत नाही

"काबर चालत नही व माय हाई?"

जानेवारी २०२४. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्याला लागलेली, आणि नाना आमच्या खरेदीच्या फॉर्ममध्ये खाते क्रमांकाच्या बॉक्सावर उजवी क्लिक करत बसलेले. एकदा, दोनदा, चारदा. काही उघडेना. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा बघून टाइप करायला घेतला.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये ऑफिस सांभाळते. शिक्षण बी.कॉम., टॅली येतं, आणि एक्सेलमधलं जे काही येतं ते रात्री जागून शिकलेलं. खरेदीचा हा फॉर्म व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, मीच केला होता. पावती क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, कट्टी, भाव, खाते क्रमांक, आयएफएससी, असे सगळे मिळून तेवीस टेक्स्टबॉक्स. मला त्याचा अभिमान होता. नानांना नव्हता.

नाना आमचे मुनीम. वय ६३. कोणाची उचल किती, कोणाची मागची बाकी किती, हे खतावणी न उघडता सांगतात. कॉम्प्युटर पंचावन्नाव्या वर्षी शिकले, तोही फक्त माऊसवर. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही मी त्यांना चार वेळा शिकवलं होतं आणि चारही वेळा मनात चिडले होते. डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी मशिनच्या पट्ट्यात गेली, म्हणून कंट्रोल दाबून धरणं त्यांना जमत नाही, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नाही. त्यांचा सगळा कारभार उजव्या हातावर: उजवी क्लिक, कॉपी, उजवी क्लिक, पेस्ट. व्हॉट्सॲप वेबवर चालतं, एक्सेलच्या शीटवर चालतं. फक्त माझ्या फॉर्मवर चालत नव्हतं.

त्या दिवशी सोनवदकडच्या एका शेतकऱ्याच्या खात्यात एक आकडा चुकला. ते खातंच अस्तित्वात नव्हतं म्हणून एनईएफटी त्याच दिवशी परत आली. तो माणूस दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला, नानांना सगळ्यांसमोर बोलला आणि नाना गप्प राहिले. चुकलेला आकडा दुसऱ्या कोणाच्या चालू खात्याचा निघाला असता तर? एनईएफटीत रक्कम खाते क्रमांक बघून जमा होते, नाव बघून नाही. मी त्या रात्री ठरवलं की पुढच्या हंगामाआधी हे करायचंच.

ठरवलं जानेवारीत आणि हात घातला ऑगस्टमध्ये. हंगामात वेळ नसतो, हंगाम संपल्यावर हिशेब असतात, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, मग पेरण्या, मग पाऊस. कानबाईचा, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाचा, रविवार ११ ऑगस्टला होता. रोट झाले, सोमवारी विसर्जन झालं आणि मंगळवारी, १३ तारखेला, मी फाइलची एक प्रत केली. ही पहिली सूचना समजा: चालत्या फाइलीत कधीही प्रयोग करू नका. प्रतीला तारखेचं नाव द्या. माझ्याकडे शेवटी अशा १७ प्रती झाल्या.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण मी स्वतः यातच एक दिवस घालवला. यूजरफॉर्मवरच्या, म्हणजे व्हीबीएत बनवलेल्या फॉर्मवरच्या, टेक्स्टबॉक्सला उजव्या क्लिकचा मेनू नसतोच. तो बंद पडलेला नसतो, कुठल्या सेटिंगमध्ये लपलेला नसतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालतं, मेनू तेवढा येत नाही. मी प्रॉपर्टीजची खिडकी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. तुम्ही वाचू नका. मेनू आपणच बनवायचा असतो आणि आपणच दाखवायचा असतो. (खाली कोडमधली नावं देवनागरीत लिहिली आहेत, एडिटरमध्ये अर्थात इंग्रजीतच टाका.)

त्याआधी एक वाकडी वाट झाली. जुन्या एका फाइलीत मला विंडोजच्या एपीआयला, म्हणजे विंडोजच्या आतल्या फंक्शनना, थेट हाक मारून मेनू काढणारा कोड सापडला. वर पाच-सहा डिक्लेअरच्या ओळी. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तो लगेच चालला आणि मी शेठना दाखवूनही टाकलं. संध्याकाळी तीच फाइल काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उघडली, तर त्या सगळ्या ओळी लाल. माझं ऑफिस ३२ बिटांचं, काट्यावरचं नवीन, ६४ बिटांचं. ६४ बिटांत प्रत्येक डिक्लेअरला पीटीआरसेफ हा शब्द लागतो आणि काही ठिकाणी लाँगच्या जागी लाँगपीटीआर. ऑफिस २०१० पासून हे असंच आहे. दुरुस्त करता आलं असतं. पण एक चुकीचा डिक्लेअर आख्खं एक्सेल बंद पाडू शकतो, आणि भर हंगामात काट्यावर एक्सेल बंद पडणं म्हणजे काय हे मी पाहिलंय. सोडून दिलं. शेठनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "झालं ना ते?" मी म्हटलं, "होतंय."

दुसरी वाट सोपी निघाली आणि तीच शेवटपर्यंत टिकली. एक्सेलमध्ये ऑफिस ९७ पासून कमांडबार नावाचा प्रकार आहे. २००७ मध्ये रिबन आली तेव्हा अशा टूलबारांची रवानगी ॲड-इन्सच्या टॅबवर झाली, पण पॉपअप जातीचा कमांडबार आजही माऊसच्या टोकाशी बरोबर उघडतो. कमांडबार्स डॉट ॲड करायचं, पोझिशनला एमएसओबारपॉपअप द्यायचं म्हणजे ५, आणि टेम्पररी ट्रू ठेवायचं, म्हणजे एक्सेल बंद झालं की मागे कचरा राहत नाही. त्यात बटणं टाकायची. फेसआयडी २१ दिला की कात्रीचं चित्र येतं, १९ ला कॉपीचं, २२ ला पेस्टचं. हे तीन आकडे लिहून ठेवा. नाना अक्षरं वाचतच नाहीत, चित्र बघतात.

मग टेक्स्टबॉक्सच्या माऊसअप इव्हेंटमध्ये, म्हणजे माऊसचं बटण सोडल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, बघायचं की बटन २ आहे का. २ म्हणजे उजवं. असेल तर शोपॉपअप. माऊसडाऊनला नको, माऊसअपलाच. विंडोजचे स्वतःचे मेनूही बटण सोडल्यावरच उघडतात, हाताला तीच सवय असते.

१४ तारखेला रात्री साडेदहाला माझ्या फॉर्मवर पहिल्यांदा मेनू उघडला. तीन ओळी, तीन चित्रं. मी घरी एकटीच टाळी वाजवली. मग कॉपीवर क्लिक केलं आणि निरोप आला की असा मॅक्रो चालवता येत नाही.

कारण साधं होतं. बटणाच्या ऑनॲक्शनमध्ये (क्लिक केल्यावर काय चालवायचं ते) ज्या प्रोसीजरचं नाव देतो ती साध्या मॉड्यूलमध्ये असावी लागते. मी ती फॉर्मच्या कोडमध्ये लिहिली होती. उचलून मॉड्यूलमध्ये टाकली, चाललं. फॉर्म बंद करून परत उघडला, तर एरर ५. त्या नावाचा कमांडबार आधीच होता आणि त्याच नावाचा दुसरा जोडता येत नाही. म्हणून जोडण्याआधी जुना डिलीट करायचा, त्या एका ओळीपुरतं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (चूक आली तरी गुपचूप पुढे जा) लावायचं आणि लगेच काढायचं. लगेच काढायचं हे महत्त्वाचं. मी ते विसरले आणि पुढच्या चार चुका मला दिसल्याच नाहीत.

१५ ऑगस्टला झेंडावंदन करून आले आणि दिवसभर बसले. आता प्रश्न होता तेवीस बॉक्सांचा. प्रत्येकाला वेगळा माऊसअप लिहायचा? लिहिला असता तर चाललं असतं, पण चोविसावा बॉक्स आला की परत तेच. त्यासाठी क्लास मॉड्यूल करतात, म्हणजे एकदा लिहून प्रत्येक बॉक्सला लावता येणारा साचा. क्लासमध्ये एकच ओळ वर: पब्लिक विथइव्हेंट्स, पुढे नाव, ॲज एमएसफॉर्म्स डॉट टेक्स्टबॉक्स. एमएसफॉर्म्स लिहायला विसरू नका, एक्सेलचा स्वतःचाही टेक्स्टबॉक्स असतो आणि तो वेगळा. मग फॉर्मच्या इनिशियलाइझमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) 'मी डॉट कंट्रोल्स' म्हणजे फॉर्मवरच्या सगळ्या वस्तूंवर फेरी मारायची, टाइपनेम टेक्स्टबॉक्स आला की क्लासचा एक नवीन नमुना करायचा, त्याला तो बॉक्स चिकटवायचा आणि असे सगळे नमुने एका कलेक्शनमध्ये, म्हणजे यादीत, ठेवायचे. फ्रेमच्या आतले बॉक्सही या फेरीत येतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

केलं. चालवलं. काही नाही. एरर नाही, मेनू नाही, शुकशुकाट.

या शुकशुकाटात माझे दोन दिवस गेले. एरर आली तर निदान काही वाचायला मिळतं. इथे सगळं बरोबर दिसत होतं. मी क्लासमध्ये मेसेजबॉक्स टाकला, तो येईना. नाव बदलून बघितलं, फाइल बदलून बघितली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शनिवारी संध्याकाळी शेवभाजी करता करता लक्षात आलं. कलेक्शन मी इनिशियलाइझच्या आत डिम (जाहीर) केलं होतं. एंड सब आलं, म्हणजे ती प्रोसीजर संपली, की कलेक्शन गेलं, आणि त्याच्याबरोबर तेवीसच्या तेवीस नमुने गेले. ऐकायला कोणी उरलंच नव्हतं, मग क्लिक ऐकणार कोण. डिमची ती एक ओळ उचलून फॉर्मच्या कोडच्या अगदी वर नेली. गॅस बंद करून नेली, भाजी थोडी लागली होती. तेवीस बॉक्सांवर मेनू आला.

याला जोडून एक: फॉर्म चालू असताना कुठे एरर आली आणि तुम्ही एंड दाबलं, तर फॉर्मही बंद होतो आणि ते कलेक्शनही पुसलं जातं. घाबरू नका, फॉर्म पुन्हा उघडा.

आणि दुसरं: विथइव्हेंट्सने धरलेल्या टेक्स्टबॉक्सला एंटर, एक्झिट, बिफोरअपडेट, आफ्टरअपडेट हे चार इव्हेंट मिळत नाहीत. माझी तपासणी एक्झिटमध्ये होती, ती जिथल्या तिथे फॉर्मच्या कोडमध्येच ठेवावी लागली. माऊसअप मात्र मिळतो, आणि आपल्याला तोच हवा.

पुढची अडचण फ्रेमची. फॉर्मवर दोन फ्रेम आहेत, एकीत वजनं आणि दुसरीत बँकेची माहिती. कॉपी करताना मी कोणत्या बॉक्सातून कॉपी करायचं हे ॲक्टिव्हकंट्रोलला विचारत होते. बॉक्स फ्रेमच्या आत असला की ॲक्टिव्हकंट्रोल बॉक्स सांगत नाही, फ्रेम सांगतो. मी त्याला सेलटेक्स्ट, म्हणजे निवडलेला मजकूर, विचारला आणि एरर ४३८ मिळाली. फ्रेमच्या पोटात शिरून फ्रेमचा ॲक्टिव्हकंट्रोल विचारता येतो, मल्टिपेज असेल तर आणखी एक पायरी. मला ते शिरणं आवडलं नाही. त्यापेक्षा क्लासला आपला बॉक्स माहीतच असतो. मेनू दाखवण्याआधी त्याने तो एका पब्लिक व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि मॉड्यूलमधल्या प्रोसीजरनी तिथून घ्यायचा. कर्सर एका बॉक्सात आणि उजवी क्लिक दुसऱ्यावर असा घोळ नको म्हणून त्या बॉक्सावर सेटफोकसही टाकलं. त्यानंतर काम टेक्स्टबॉक्सच्या स्वतःच्या कट, कॉपी, पेस्ट या मेथडींवर सोपवायचं. त्या त्याच्याकडे आहेतच, आपण क्लिपबोर्डशी झटापट करायची गरज नाही.

२ सप्टेंबरला पोळा. त्या दिवशी ऑफिस अर्धा दिवस. नानांना बसवून पहिली चाचणी घेतली. त्यांनी उजवी क्लिक केली, मेनू उघडला, आणि ते बराच वेळ नुसते बघत राहिले. म्हटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मराठीत काबर नही?"

खरं होतं. बाकी सगळा फॉर्म मराठीत आणि मेनू तेवढा कट, कॉपी, पेस्ट. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम. एडिटरमध्ये कॅप्शनला कापा असं टाइप केलं, तर चार प्रश्नचिन्हं उमटली. व्हीबीएचा एडिटर जुन्या कोडपेजवर (एका भाषेच्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतो आणि मराठीला, हिंदीलाही, तसलं कोडपेजच नाही, त्या युनिकोडमध्येच आहेत. म्हणून विंडोजच्या रीजनच्या सेटिंगमध्ये फिरून काही होत नाही. मी एक संध्याकाळ फिरले.

उपाय दोन. एक म्हणजे सीएचआरडब्ल्यू, आकड्यावरून अक्षर देणारं फंक्शन. क म्हणजे २३२५, काना म्हणजे २३६६, प म्हणजे २३४६, परत काना २३६६. हे चार जोडले की कापा. मी हा शब्द असा आकड्यांनी लिहिला, फॉर्म उघडला आणि कात्रीच्या चित्रापुढे कापा आलं तेव्हा फार बरं वाटलं. पण चिकटवा लिहायला घेतलं आणि कंटाळा आला. दुसरा उपाय शहाणपणाचा: एका लपवलेल्या शीटवर शब्द मराठीत लिहून ठेवायचे आणि कॅप्शनमध्ये त्या सेलची व्हॅल्यू द्यायची. एडिटरला मराठी येत नसली तरी मेनूला येते. आता शब्द बदलायचा तर कोड उघडावाच लागत नाही. नाना म्हणाले कॉपीला नक्कल नको, नक्कल म्हणजे तलाठ्याकडची. म्हणून कॉपी हे कॉपीच राहिलं. खाली एक रेघ ओढून, म्हणजे बिगिनग्रुप ट्रू करून, सगळं निवडा हे चौथं बटण दिलं. त्यात सेलस्टार्ट (निवडीची सुरुवात) शून्य आणि सेललेंग्थ (निवडीची लांबी) मजकुराच्या लांबीइतकी, एवढंच.

गणपती ७ तारखेला बसले आणि त्या दहा दिवसांत मी मेनूच्या शिस्तीवर काम केलं. काही निवडलेलंच नसेल तर कापा आणि कॉपी फिकट दिसायला हवेत. सेललेंग्थ शून्याहून जास्त असेल तरच ते एनेबल. क्लिपबोर्डवर चिकटवण्यासारखं काही नसेल तर चिकटवा फिकट, त्यासाठी बॉक्सची कॅनपेस्ट ही प्रॉपर्टी आहे. पावती क्रमांकाचा बॉक्स लॉक्ड आहे, तिथून कॉपी चालेल, कापणं आणि चिकटवणं नाही. हे सगळं शोपॉपअपच्या आधी, दर वेळी तपासायचं. शेठच्या पासवर्डच्या बॉक्सावर मी मेनूच लावला नाही.

वजनाच्या दोन बॉक्सांवर चिकटवा मी जाणूनबुजून बंद ठेवलंय. वजन काटापट्टीवरून बघून टाइप करायचं, दोनदा. मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीला चिकटलं तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. शेठच्या पुतण्याला हे पटलं नाही. तो म्हणाला वेळ जातो. जाऊ दे. बॉक्सच्या टॅगमध्ये एक इंग्रजी अक्षर टाकलंय, क्लास ते बघतो आणि बटण फिकट करतो. ज्याला उघडायचं असेल त्याने ते अक्षर पुसावं, पण मग खाली सहीही त्याने करावी.

आता सगळ्यात चिवट भानगड. नाना मागच्या वर्षीच्या शेतकऱ्यांच्या यादीतून आयएफएससीचा सेल कॉपी करायचे, फॉर्म उघडायचे, उजवी क्लिक करायचे आणि चिकटवा फिकट. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की नीट, एक्सेलच्या सेलवरून केलं की फिकट. माझ्यासमोर केलं तरी फिकट. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी ओळ ओळ पुढे जात फॉर्म उघडला आणि सापडलं: इनिशियलाइझमध्ये मी आजची तारीख एका सेलमध्ये लिहीत होते. कोडने सेलमध्ये काही लिहिलं की कॉपी केलेल्या सेलभोवतीची ती चालती तुटक रेघ बंद होते आणि कॉपी केलेलंही जातं. नानांनी उचललेला माल मीच दारात काढून घेत होते. तारीख लिहिण्याचं काम सेव्हच्या बटणाकडे दिलं, मिटलं.

मिटलं म्हणते तोवर दुसरं निघालं. चिकटवलेला आयएफएससी माझी तपासणी नापास करू लागली. आयएफएससी ११ अक्षरी असतो: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी ओ टाइप होतो ही आमच्याकडची जुनी चूक, म्हणून ती तपासणी मीच घातलेली. समोर कोड अक्षर न अक्षर बरोबर आणि फॉर्म म्हणतोय लांबी चुकली. लेन काढून बघितली तर १३. एक्सेलचा सेल कॉपी केला की शेवटी ओळ संपल्याची दोन चिन्हं बरोबर येतात. म्हणून चिकटवा या बटणाच्या प्रोसीजरमध्ये पेस्ट झाल्यावर लगेच रिप्लेस करून ती दोन काढते, आणि बँकेच्या बॉक्सांत मधल्या मोकळ्या जागाही काढते. लोक खाते क्रमांक चार-चार आकड्यांचे गट करून पाठवतात. पत्त्याच्या बॉक्सात मोकळी जागा काढू नका. माझ्याकडून पहिल्या दिवशी एका माणसाचा सगळा पत्ता एका शब्दात चिकटला होता.

२१ सप्टेंबरला माझ्या बाजूने काम संपलं. लावायचं मात्र नव्हतं. सीएंच्या ऑफिसातून निरोप होता की टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट जाईपर्यंत चालू फाइलीला हात लावायचा नाही, त्यांच्याकडच्या प्रतीशी जुळली पाहिजे. मुदत ३० सप्टेंबर. मी १ ऑक्टोबर धरून बसले, आणि २९ ला मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. दसरा १२ तारखेला. मुहूर्ताची खरेदी त्याच दिवशी. म्हणजे हातात चार दिवस.

८ ऑक्टोबरला मी नवी फाइल व्हॉट्सॲपवरून काट्याच्या कॉम्प्युटरवर पाठवली आणि उघडली, तर वर लाल पट्टी: मॅक्रो अडवलेत. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो असे मुळातच अडवले जातात आणि तिथे चालू करा असं बटणही नसतं. फाइल बंद करायची, तिच्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची चौकट, तिला टिक, ओके. (इथे उजवी क्लिक चालते.) पण त्या कॉम्प्युटरवर शेठच्या माणसाने ठेवलेला पासवर्ड होता आणि तो माणूस जळगावला. त्याची वाट बघण्यात एक दिवस गेला. आला, दहा मिनिटं बसला, ५०० रुपये घेतले. त्याच्याकडूनच मी एक फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये घालून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी त्याला बोलवायला नको. तुम्ही पेन ड्राइव्हने फॉर्म नेणार असाल तर लक्षात ठेवा, फॉर्म एक्सपोर्ट केला की दोन फाइली होतात, एफआरएम आणि एफआरएक्स. दोन्ही न्या. क्लास आणि मॉड्यूल वेगळे, तेही न्या.

एकूण खर्च सांगायचा तर त्या माणसाचे ५०० आणि नानांसाठी घेतलेल्या नव्या माऊसचे ३५०, कारण जुन्याचं उजवं बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हतं. हे मला १० तारखेला कळलं. जानेवारीतल्या त्या चार क्लिकांपैकी काही त्या माऊसनेच खाल्ल्या असतील.

दसऱ्याला सकाळी काट्याची पूजा झाली, नारळ फुटला, पाळधीकडची पहिली गाडी काट्यावर चढली. कापसात ओलावा बराच होता, भावावरून थोडी घासाघीस झाली. नाना खुर्चीत बसले. शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर पासबुकाचा फोटो पाठवला होता, मजकूर नव्हे. फोटोतून कॉपी कसं करणार! नानांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. शेवटी त्या शेतकऱ्याच्या मुलाला टाइप करून पाठवायला सांगितलं. त्याने तिथेच उभ्या उभ्या पाठवलं. नानांनी उजवी क्लिक केली, कॉपी. फॉर्मवर आले, उजवी क्लिक, चिकटवा. खाते क्रमांक बसला. आयएफएससी बसला. त्यांनी मोबाइलवरचा आकडा बोटाने एकेक करत ताडून पाहिला, सेव्ह केलं आणि पुढच्या गाडीला हात केला.

दुपारपर्यंत एकोणीस गाड्या झाल्या. मी जेवणाचा डबा उघडत होते तेवढ्यात काट्याच्या खोलीतून हाक आली. गावाच्या नावाचा जो खाली उघडणारा बॉक्स आहे त्यावर उजवी क्लिक चालत नव्हती. अर्थात नव्हती, तो कॉम्बोबॉक्स आहे, माझा क्लास फक्त टेक्स्टबॉक्स धरतो. त्याला विथइव्हेंट्सची वेगळी ओळ लागते. मी समजावायला तोंड उघडलं.

"आते गावना डब्बामा बी करी दे," नाना म्हणाले आणि साळव्याची गाडी आत घ्यायला उठले.